शेवटच्या उड्डाणाची नोंद

हिंमतराव कुबड्यांवर अंगणापर्यंत जायला लागला, त्याच सुमारास हैदराबादेहून चौकशीचं बोलावणं आलं. येताना लॉगबुक आणायचं होतं. वैमानिक आपल्या उड्डाणाचे तास ज्यात लिहितो ती वही. आणि ती शेवटच्या उड्डाणासकट पुरी भरलेली हवी होती.

तेवढं एकच उड्डाण त्यानं लिहिलं नव्हतं.

ईट गावच्या बलभीमरावांचा हा मुलगा. कॉलेजला हैदराबादेस गेला आणि तिथं त्याची जळकोटच्या वीरभद्राशी गाठ पडली. वीरभद्र महालिंगप्पा भुसाऱ्याचा एकुलता एक. दोघांना विमानाचं वेड एकदमच लागलं. लढाई संपल्यावर तिथल्या एका लहानशा क्लबात दोघं शिकले. हिंमतरावाला लायसन्स आधी मिळालं, वीरभद्राला बऱ्याच मागून. मग क्लबाचं दोन जागांचं विमान घेऊन दोघं मिळून उडायला लागले.

विमानात दोघं बसले तरी जिम्मा एकाचा, असा नियम होता. आज कमांड कुणाची हे निघण्याआधी ठरवायचं आणि उतरल्यावर ती वेळ त्याच्याच वहीत चढवायची. दुसरा कागदावर उतारू. त्याच्या खिशात लायसन्स असलं तरी उतारू, आणि वाटेत त्यानं विमान चालवायचा दांडा हाती धरला तरीही उतारूच. वीरभद्र त्यावर नेहमी कुरकुरायचा. "माझा तास खाल्लास रे," म्हणायचा आणि हसायचा.

सत्तेचाळीस सालच्या माघात दोघं जळकोटला निघाले. गावात कुणी विमान जवळून पाहिलं नव्हतं. महालिंगप्पांनी सडकेकडेचं आपलं पडीक रान सपाट करून ठेवलं होतं, चारी कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा केल्या होत्या. पेट्रोलसाठी बीदरला उतरले, तेव्हा वीरभद्रानं विचारलं, "इथनं पुढं कमांड मला दे की. माझं गाव हाय."

"रानात कधी उतरलायस का तू?" हिंमतराव म्हणाला. "कमांड माझी. वर गेल्यावर धर हवं तर."

दोन्ही जागांना एकेक दांडा होता; पुढच्या, वीरभद्राच्या जागेतला काढून ठेवता येत असे, आणि पुढं उतारू असला तर तो काढायचाच. बीदरच्या मिस्त्रीनं विचारलं, काढू का? हिंमतराव म्हणाला, राहू दे.

जळकोटवर आले तर रानाच्या कडेनं ही गर्दी. वीरभद्रानं हात लांब करून आपलं घर दाखवलं, मग बोलण्याच्या नळीतून त्याचा आवाज आला. "सोड माझ्याकडं. उतरवतो मी."

हिंमतरावानं हात उचलले. हे तो चौकशीच्याही आधी, दवाखान्यात पडल्या पडल्या स्वतःला हजारदा सांगून चुकला होता. त्यानं हात उचलले आणि खाली माणसं बघत बसला. बायका, फेटे, झाडावर चढलेली पोरं. तेवढ्यात गर्दीला बुजून एक बैल रानात घुसला. वीरभद्रानं विमानाचं नाक एकदम वर ओढलं. विमानात तेवढा वेग उरला नव्हता. ते हवेत क्षणभर अडखळलं आणि एका अंगावर कोसळलं. वीरभद्र जागेवरच गेला, हिंमतरावाचा एक पाय गेला.

बोलावणं वाचून बलभीमराव मुलाच्या खाटेशी येऊन बसले. शिकल्यासवरल्या माणसासारखं शांत बोलायची त्यांची रीत होती.

"बीदरपासून कमांड वीरभद्राची होती, असं लिही. दांडा दोन्हीकडं होता. त्याच्याकडं लायसन्स होतं. कोण नाही म्हणणार?"

"मी म्हणेन."

"तुझं लायसन्स जाईल. खटलाही होईल. गेलेल्याचं काय जायचं राहिलंय आता?"

खरं सांगायचं तर हिंमतरावाच्याही मनात ते येऊन गेलं होतं, एकदा नव्हे. पेन उघडून त्यानं तसंच मिटून ठेवलं होतं.

आणि दोनच दिवसांत महालिंगप्पा स्वतः ईटला आले. जळकोटाहून मोटारी बदलत, धुळीनं माखून. कपाळावर विभूती, हातात पंच्यात गुंडाळलेलं वीरभद्राचं लॉगबुक. चहाला नको म्हणाले. पाणी तेवढं प्यायले.

"हिंमतराव, एक काम घिऊन आलोय," ते म्हणाले. "ह्यात समदं लिवलंय त्यानं. जळकोटचं तेवढं ऱ्हायलंय. तुमी लिवा. तुमच्याशिवाय कुनाला म्हायती हाय?"

बलभीमरावांनी मुलाकडं पाहिलं.

"अप्पा, ते त्याच्या वहीत येत नाही," हिंमतराव म्हणाला.

"का बरं? इमान त्यानंच उतरवायला घेतलं व्हतं न्हवं? तुमीच दवाखान्यात सांगितलंत."

"दांडा त्याच्या हातात होता. पण कमांड माझी होती. ज्याची कमांड त्याची नोंद."

"मग माजा लेक कोन व्हता?"

हिंमतराव म्हणाला, "कायद्यानं उतारू."

महालिंगप्पांनी तो शब्द जरा वेळ तोंडात घोळवला. "उतारू. सोलापूरच्या मोटारीत बसतेत, तसला?"

महालिंगप्पा खाली बघत होते. "म्या गावाला सांगून बसलोय," ते हळू म्हणाले. "लेक सवताच्या हातानं इमान घिऊन आला म्हनून. मातीत बसवताना जंगमाला बी त्येच सांगितलं. आता काय सांगू, आयता बसून आला?"

"अप्पा, नीट ऐका," हिंमतराव पुढं सरकला. कुबडी घसरून खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. "ज्याच्या वहीत ते उड्डाण जाईल, त्याच्याच माथी अपघात जाईल. तुमच्या लेकाच्या वहीत लिहिलं तर दोष त्याचा. मी मोकळा. म्हणून मी लिहीत नाही."

महालिंगप्पांना ते कळायला वेळ लागला. कळलं, तसे ते ताठ बसले.

"इऊ द्या दोष," ते म्हणाले. "त्याला काय आता कुनी कैद करतंय व्हय? चुकला, पडला. चालवनाराच पडतो. बसनारा पडत न्हाय, त्याला पाडतेत. तुमी लिवा, हिंमतराव. तुमी बी सुटा, माजा लेक बी सुटू द्या."

"ते स्वतः म्हणताहेत," बलभीमराव म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण त्यांनी पेन उघडून मुलाच्या हातात दिलं होतं.

वही समोर होती. वीरभद्राचं वळण गोल, ठसठशीत. शेवटच्या ओळीखाली कोरी जागा. दोन्ही बाप एकच गोष्ट मागत होते, आणि ती द्यायला एक ओळ पुरत होती. हिंमतरावानं पेन टेकवायला नेलं, आणि त्याला बीदरचा मिस्त्री आठवला. काढू का? राहू दे. ते तो म्हणाला होता, वीरभद्र नव्हे. बैल दिसला तेव्हाही आपला दांडा आपल्या हाताशीच होता.

त्यानं ती वही मिटली, उशाखालची स्वतःची काढली आणि दोघांच्या देखत लिहिलं. बीदर ते जळकोट. कमांड, स्वतः. उतारू, वीरभद्र महालिंगप्पा.

महालिंगप्पांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग लेकाचं लॉगबुक पंच्यात गुंडाळलं आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमी खरं लिवलं आसंल. पर आमाला त्याचा काय उपेग न्हाय." बलभीमराव त्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेले, परत आल्यावर त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं.

हैदराबादेत हिंमतरावानं सगळं बयान दिलं. खटला झाला नाही, लायसन्स मात्र कायमचं गेलं. निकालात लिहिलं होतं, की वैमानिकानं उतारूला विमान हाताळू दिलं. म्हणजे वीरभद्राच्या हातात दांडा होता हे सरकारनं लिहिलं, पण गुन्हा म्हणून.

त्या कागदाची नक्कल घेऊन तो पावसाळ्याआधी जळकोटला गेला. दुकानात महालिंगप्पा गिऱ्हाइकाला तूर मोजून देत होते. त्यांनी पाहिलं आणि मोजत राहिले. हिंमतराव मागच्या दारी गेला. वीरभद्राची आई मल्लम्मा उंबऱ्यात बसली होती. तिनं त्याला पाणी दिलं, त्याच्या दुमडलेल्या धोतराकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग तिनं विचारलं, "वरनं आपलं घर दिसलं व्हतं का त्याला?"

"दिसलं, अव्वा. हात करून दाखवलं त्यानं मला."

"आमी तिकडं रानात व्हतो," ती म्हणाली. "घरात कुनीच नव्हतं."

कागद त्यानं खिशातून काढलाच नाही. सडकेवर येऊन तो चिंचेखाली मोटारीची वाट बघत उभा राहिला. पलीकडच्या त्या पडीक रानात कुणीतरी नांगर धरला होता. मोटार उशिरा आली. चढताना कंडक्टरनं त्याच्या काखेला हात दिला आणि माणसांना पुढं सरकायला सांगून त्याच्यासाठी जागा केली.