उलटी पावलं

तुर्कस्तानातल्या अफ्योनजवळच्या त्या गावात खसखशीवरची बंदी तीन वर्षांनी उठली, ती एका अटीवर. बोंडाला चिरा देऊन अफूचा चीक काढायचा नाही. अख्खी बोंडं वाळवून सरकारला घालायची, औषध काय ते कारखान्यात निघेल. जो चिरा देईल त्याचा परवाना गेलाच म्हणून समजा.

हेदियेने चिरा दिला. तोही शेजारच्या ग्युल्सुमच्या शेतात, बारा बोंडांना. नवरा दुरमुश पोटातल्या गाठीने आठवडाभर तळमळत होता आणि तालुक्याच्या दवाखान्यातलं औषध संपलं होतं. स्वतःच्या शेताला हात लावायला ती भ्याली. चीक चाटून दुरमुश शांत झोपला. चोरीपेक्षा तो भित्रेपणाच तिला खात होता.

तपासणीचा साहेब नेमका त्याच सरीपाशी थांबला. ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती, बोटं हेदियेच्या बांधाकडे, टाचा ग्युल्सुमच्या घराकडे.

"सरळ आहे," साहेब म्हणाला. "बाई घरातून निघाली, चिरत चिरत बांधापर्यंत गेली. ग्युल्सुमबाई, परवाना आणा."

"मी नाही हो साहेब! पोरींची शपथ!"

"आणता की मी येऊ आत?"

जमलेली म्हातारी माणसं पावलांकडे बघत उभी होती. साहेब पडला शहरातला. चिरणारा उलटा चालतो, नाहीतर चीक कपड्यांना पुसला जातो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे बाई हेदियेच्या बांधाकडून आली होती. सगळ्यांना कळलं होतं, ग्युल्सुमलाही. तिने हेदियेकडे एकदा बघितलं आणि कागद आणायला ती घरात गेली. सरकारी माणसापुढे शेजाऱ्याचं नाव घ्यायची तिथे रीत नव्हती.

दुरमुशचे थोडेच दिवस राहिलेत, मग सांगू, असं हेदियेच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस वाटली. तिने बूट काढले. बांधाजवळच्या ठशात पाऊल ठेवलं आणि हातात पातं असल्यासारखी ती एकेक पाऊल मागे सरकत गेली. प्रत्येक ठसा तिच्या पावलाला बरोबर बसला. साहेब बघतच राहिला.

सरीच्या शेवटी तिची पाठ कुणालातरी लागली. मागे परवाना घेऊन ग्युल्सुम उभी होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मागितलं असतंस, तर मीच चिरून दिलं असतं गं."