एगॉनच्या पाठीवरचा हात

कोळशाची खाण बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले, आता या गावाचं काही खरं नाही. पण गाव मोठं वस्ताद. कोळसा संपला म्हटल्यावर त्यानं आठवणी खणून विकायला काढल्या. वाल्बुर्गा खाणीच्या बॉयलरघरात आता कॉफी मिळते, यंत्रघरात नाचाचे वर्ग चालतात, आणि पाळी संपल्यावर माणसं जिथं अंगावरचा काळा थर उतरवायची त्या न्हाणीच्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. दर वर्षी कुणीतरी शिकलेलं माणूस बर्लिनहून येतं आणि गावाला सांगतं, तुम्ही कोण होतात.

यंदाच्या प्रदर्शनाचं नाव 'घाम'. त्याची जाहिरात म्हणून ट्रामच्या थांब्यामागची अख्खी भिंत रंगवली होती. एक भिजलेली रुंद पाठ आणि तिला साबण चोळणारा एक हात. खाली लिहिलं होतं, 'एगॉन पावलाक, खाणकामगार, १९७८'.

हाजेर बाजारातून येत होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, हा तुमचा हात."

दुर्मुश काराकायाला ते सांगायला नको होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यात गेलं, त्याला पन्नास वर्षं होत आली. रंगवणारा बिचारा प्रामाणिक, त्यानं बोटाचं थुटुकसुद्धा सोडलं नव्हतं. मूळ फोटो दुर्मुशनं शंभर वेळा पाहिला होता, खाणीच्या कँटीनमध्ये तो कितीतरी वर्षं टांगलेला होता. त्यात एगॉन डोळे मिटून हसत होता आणि त्याच्या मागं दुर्मुश तोंड वासून गात होता. भिंतीवर मात्र हात मनगटापाशीच संपला होता.

"मी कुठं गेलो?" दुर्मुश म्हणाला.

"साबणाबरोबर वाहून गेलात," हाजेर म्हणाली. "हसू नका. नातवंडं याच ट्रामनं शाळेत जातात. त्यांना काय सांगू? आजोबांचा हात तेवढा कामाला होता, बाकीचे आजोबा घरी झोपले होते? जा, आणि नाव लावून घ्या. नाव लागल्याशिवाय परत येऊ नका."

दुर्मुश खाणीच्या जुन्या कचेरीत गेला. प्रदर्शनाच्या प्रमुख डॉक्टर श्टोल्टेन बाईंनी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि फार गोड बोलल्या. गोड बोलणाऱ्या माणसापुढं राग काढायचा तरी कसा, हे दुर्मुशला या देशात अजून जमलं नव्हतं.

"काराकायासाहेब, हा हात एका माणसाचा नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "तो सगळ्यांचा हात आहे. सगळ्या कष्टकऱ्यांचा. चेहरा नाही म्हणूनच तो इतका बोलतो."

"सगळ्यांचा? मग बोट माझंच का तुटलंय?"

बाई ओशाळल्या. "आम्ही पावलाकसाहेबांना विचारलं होतं हो. हात कुणाचा म्हणून, दोनदा विचारलं. ते म्हणाले, आठवत नाही."

दुर्मुशच्या हातातला कप तसाच राहिला. इतका वेळ राग आला होता तो भिंतीचा. तो बसल्या जागी विझला आणि त्या जागी दुसरा पेटला, आणि तो मात्र एगॉनचा होता.

आठवत नाही! खाणीत स्वतःची पाठ कुणालाच धुता येत नाही. म्हणून रिवाज असा, की शेजारच्यानं पाठ केली की आपण घासायची, मग आपण पाठ करायची आणि त्यानं घासायची. कोण कुठला, ते कुणी विचारत नाही. बाकीचे दुर्मुशला 'अली' म्हणायचे, कारण तुर्क म्हणजे अली. नावानं हाक मारायचा तो एकटा एगॉन. बारा वर्षं दोघांनी एकमेकांच्या पाठी घासल्या. मग काम कमी झालं आणि सरकारनं तुर्कांना पैसे देऊ केले, बायकापोरं घेऊन आपल्या देशी चालते व्हा म्हणून. एगॉन कामगारांच्या समितीत होता. तो कागद घेऊन आला. "सही कर, दुर्मुश. एक तुर्क गेला तर आपला एक माणूस वाचतो." दुर्मुश म्हणाला, मी कुणाचा माणूस रे मग? आणि त्यानं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर एगॉननं नेहमीसारखी पाठ पुढं केली. दुर्मुशनं ती घासली, चांगली लख्ख घासली. मग आपली पाठ केली आणि उभा राहिला. मागं पावलं गेल्याचा आवाज आला. आजूबाजूच्यांनी नळ बंद केले आणि तेही गेले. दुर्मुश काळ्या पाठीवर सदरा चढवून घरी आला. त्या दिवसापासून खाण बंद होईपर्यंत ती पाठ हाजेरनं धुतली.

उद्घाटन रविवारी सकाळी होतं. न्हाणीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, छताला साखळ्यांवर, पूर्वी कामगार टांगायचे तसेच, जुने कपडे टांगले होते. महापौर आले, गाणाऱ्यांचा ताफा आला, फोटोवाले आले. एगॉन पहिल्या रांगेत. छातीतल्या धुळीनं त्याला दोन पावलांवर धाप लागत होती. दुर्मुश आणि हाजेर शेवटच्या रांगेत बसले.

एगॉनला माईक दिला. तो हळूहळू म्हणाला, "खाली खाणीत जर्मन नव्हता, पोलिश नव्हता, तुर्क नव्हता. खाली सगळे सारखेच काळे होतो."

हे वाक्य या गावात पाळण्यातलं पोरसुद्धा म्हणतं. लोकांनी माना डोलावल्या. हाजेर दात-ओठ खात पुटपुटली, "ह्याच्या जिभेला हाड नाही." तोवर दुर्मुश उभा राहिला होता.

"आणि वर आल्यावर, एगॉन?" तो तिथूनच ओरडला. "वर आल्यावर काय होतो?"

हॉल वळून बघू लागला. दुर्मुश रांगांमधून पुढं गेला. कुणीतरी त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. तो एगॉनसमोर उभा राहिला आणि त्याच्या नाकासमोर थुटं बोट धरलं.

"हे आठवत नाही तुला? बारा वर्षं तुझ्या पाठीवर होतं. सांग की या लोकांना, कुणाचं ते!"

एगॉननं माईक खाली केला. "दुर्मुश," तो म्हणाला.

"पुरं नाव सांग. माईकमध्ये सांग."

"दुर्मुश काराकाया."

"आता पुढचं सांग. माझी पाठ का काळी राहिली ते."

एगॉननं माईक दोन्ही हातांनी धरला. "मला सगळं आठवत होतं," तो म्हणाला. "नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुला बोलावलं असतं, आणि तू हे सांगितलं असतंस." मग तो लोकांकडं वळला. "याला मी घालवायला निघालो होतो. हा जाईना, म्हणून मी याची पाठ धुतली नाही. यानं माझी धुतली होती त्या दिवशी. मी तसाच निघून गेलो." त्याला ढास लागली. "लाज वाटते मला. माफ कर रे."

मग महापौरांनी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. काही बायका डोळे पुसत होत्या. डॉक्टर श्टोल्टेन बाई हात जोडून म्हणत होत्या की असं काही ठरवूनही जमलं नसतं. दुर्मुशला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्काटात भडकावली. ज्या दिवशी तो काळी पाठ घेऊन घरी गेला त्या दिवसाची या लोकांना आज, गाण्यानंतर आणि कॉफीच्या आधी, मजा आली होती. हाजेर मागं एकटीच टाळी न वाजवता उभी होती.

एगॉननं हात पुढं केला.

"हो, हो, असेच!" एक फोटोवाला पुढं सरसावला. "दोघं जरा इकडं बघा. हातांत हात घ्या. काराकायासाहेब, तो बोटवाला हात द्या. हाच मोठा करून भिंतीवर लावू, दोघांच्या नावासकट!"

एगॉन हात पुढं करून वाट बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते खरे भरले होते, एवढं दुर्मुशला कळत होतं. ते कळत होतं म्हणून राग उतरेल असं थोडंच आहे?

त्यानं उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"एकदा मला कापून हात तेवढा ठेवलात," तो म्हणाला. "आता हात तेवढा मिळायचा नाही. चल, हाजेर."