हवालदाराची साक्ष

आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रणालीला सगळे 'हवालदार' म्हणत. ती माझ्या ताईने लिहिली होती. कर्नल, म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी राहून त्याला चालता ठेवणारी आज्ञावली, जगभरची माणसे मिळून, सर्वांना पाहता येईल अशी खुलेपणाने लिहितात. त्यांनी पाठवलेला प्रत्येक बदल हवालदार मांडणीवरच्या जुन्या-नव्या बोर्डांवर, म्हणजे तळहाताएवढ्या उघड्या संगणकांवर, चालवून पाही. एखादा बोर्ड सुरू झाला नाही, की तो आलेल्या बदलांचे दोन भाग करी, दोषी वाटणाऱ्या भागाचे पुन्हा दोन, आणि अखेर एकच बदल हाती उरला की त्याच्या कर्त्याचे नाव मेलने जगजाहीर करी.

त्या सकाळी त्याने माझे नाव जाहीर केले.

माझा तो पहिलाच स्वीकारलेला बदल होता. कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या भागातली एक जुनी गाठ मी हलक्या हाताने सोडवली होती. त्या भागाची राखण करणारे गृहस्थ, ज्यांना कुणी कधी पाहिले नव्हते पण सगळे आजोबा म्हणत, त्यांनी लिहिले होते, "हा बदल पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकला, तर हा भाग तुमच्याकडे सोपवून मी मोकळा होईन." चारचौघांत ज्याचा आवाज फुटत नाही, त्याला न बोलता उभे राहता येईल अशी जगातली ती एकच जागा होती.

"काय रे, पहिल्याच चोरीत सापडलास?" मांडणीची देखभाल करणारे काका खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले. "तेही घरच्याच हवालदाराला!"

मी हसलो. माझे हसणे नेहमी थोडे उशिरा येते.

बंद पडलेला बोर्ड सर्वांत जुना होता, म्हणून त्याचे नाव म्हातारी. मी माझा बदल वगळून तिच्यावर कर्नल चढवला. ती उठली. पुन्हा चढवला, तर उठलीच नाही. मांडणीमागे वाकून विजेच्या वायरीला नुसते बोट लावले, आणि तिचा मिणमिणता दिवा विझला. वायर सैल होती. हवालदाराने आंधळेपणाने अर्धे-अर्धे करीत जाऊन शेवटी ज्याच्या मानेवर हात पडला त्याला धरले होते.

ताई भाषणाची तयारी करीत होती. दोन दिवसांनी कर्नल लिहिणाऱ्यांची सभा होती आणि हवालदाराला सर्वांची सामाईक प्रणाली म्हणून स्वीकारायचे की नाही, ते तिथे ठरणार होते.

"ताई, वायर सैल आहे. माझा बदल काढला तरी म्हातारी मरते. बघ ना येऊन."

ती आली, वायर हलवली, दिवा विझलेला पाहिला.

"हं. गेल्या आठवड्यापासून आहे."

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल." तिने माझ्या कॉलरवरचा एक धागा प्रेमाने उचलला. "सैल वायरीपायी भलत्याच माणसाला पकडलं हे कळलं, तर उद्यापासून हवालदाराची मेल कोण उघडेल? परक्या कुणाचं नाव आलं असतं ना, तर त्यानं आकाशपाताळ एक केलं असतं. तू नाही करणार. नशीबच म्हणायचं माझं."

"पण आजोबांना काय सांगू?"

"चूक झाली म्हण. आधी बदल मागे घे, मग वायर घट्ट बसव. याच क्रमानं हं! उलटं केलंस तर तुझ्या बदलासकट म्हातारी चालेल आणि मी तोंडावर आपटेन. सभा होऊ दे, मग मीच लिहिते आजोबांना. झालं समाधान?"

लहानपणी पडल्यावर ती माझ्या गुडघ्यावर फुंकर घालायची, त्याच आवाजात ती बोलत होती. मी बदल मागे घेतला. आजोबांचे उत्तर आले: "ठीक. हा भाग मी दुसऱ्या कुणाकडे देतो. पाठवण्यापूर्वी तपासत जा." ते वाचून मी मांडणीमागे गेलो आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत वायर आत दाबली. म्हातारी उठली, आणि उठलेलीच राहिली.

सभेत मी मागच्या रांगेत बसलो. ताई सुरेख बोलली. मग पडद्यावर नमुना म्हणून हवालदाराची एक मेल आली. भिंतभर मोठ्या अक्षरांत माझे नाव होते.

"हा दोषी बदल काढला," ताई म्हणाली, "आणि तेव्हापासून हा बोर्ड एकदाही बंद पडलेला नाही."

हशा पिकला, मग टाळ्या. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, "बिचारा! इथे हजर नसला म्हणजे मिळवली." मीही टाळ्या वाजवल्या.

हवालदार एकमताने स्वीकारला गेला. अभिनंदनाची गर्दी ओसरल्यावर मी ताईपाशी गेलो.

"आता लिहिशील ना आजोबांना?"

तिने माझ्याकडे खरोखरच नवलाने पाहिले.

"आता? अरे वेड्या, आता तर तूच आमचा पुरावा आहेस." आणि माझ्या हातात स्वतःची पिशवी देऊन ती पुढे निघाली. "चल, काका खाली थांबलेत."