इंद्राणीची कमान

दिवाळी पाच दिवसांवर आली आणि सुमिंत्रामाई अंगणात शेवाळावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. आमच्या फेलिसिटीत, त्रिनिदादमध्ये, पणत्यांना बांबूची कमान हवीच. आणि नवरा गेल्यापासून अकरा वर्षं गल्लीची कमान माईच वाकवत होती. मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर, त्याला रजा नाही. घरात उरली सून इंद्राणी, फेब्रुवारीत लग्न होऊन गयानाहून आलेली.

"यंदा राहू दे कमान," माई म्हणाली.

"मी करते ना."

"तू? तुमच्या गयानात बांबू वाकवतात तरी का?"

"नाही, आम्ही पणत्या कठड्यावर मांडतो. पण तुम्ही सांगा, मी करते."

माई खुर्ची टाकून अंगणात बसली. शेजारचे कथबर्टकाका चर्चला जाणारे, पण दरवर्षी बांबू तेच तोडून आणत. त्यांनी भारा आणून टाकला. इंद्राणीने कोयत्याने कामट्या काढल्या. पहिली वाकवताना कडकन मोडली. दुसरीही. सातवी मोडली तेव्हा माईला राहवेना.

"कमान करतेयस की सरपण फोडतेयस, दुलहिन?"

इंद्राणीने कोयता खाली ठेवला. "माझे बाबा होड्या बांधायचे, माई. फळी वाकवायच्या आधी भिजत घालायचे. कामट्या कालव्यात टाकू?"

"होडीचं होडीपाशी. इथे असं कुणी केलेलं नाही."

"करू दे की गं, सुमिंत्रा," काका हसले. "बांबू वाया गेले तर मी आणखी आणीन."

दोन दिवस कामट्या पाण्यात राहिल्या. बाहेर काढून इंद्राणीने एक हळूच वाकवली. वाकली. अजून वाकवली. माई कधी उठली, तिचं तिलाच कळलं नाही. डाव्या हाताने तिने दुसरं टोक धरलं. "इथे अंगठा दे. ओढू नकोस, समजूत काढ तिची."

दिवाळीच्या संध्याकाळी गल्लीवर कमळाच्या आकाराची कमान उभी राहिली, तीनशे पणत्यांची. येणारेजाणारे थबकत होते.

"माई, मोडक्या हाताने केलंस हे?"

"मी कुठली! माझ्या सुनेनं केलंय. गयानाची आहे ती."

मग सोहारीच्या केळीसारख्या रुंद पानांवर पुऱ्या नि भोपळा वाढला. हात मोडल्यापासून माई डाव्या हाताने चाचपडत जेवायची, कुणाला भरवू देत नसे. आज तिने पान इंद्राणीकडे सरकवलं.

"भरव गं. भूक लागलीय."