आधीचा मॅक्सेन

ईथल प्रॉसरच्या घरी मॅक्सेन नावाचे दोन मुलगे राहत होते, असे कोणी म्हटले असते तर ते अगदीच खोटे ठरले नसते. एक सोळा वर्षांचा, बापाहून वीतभर उंच. तो दिवसभर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून रेडिओवरील हवामानाचे वृत्त निवेदकाच्याच आवाजात, त्याच्याच खोकल्यासह, पुन्हा पुन्हा म्हणत असे. दुसरा एक वर्षाचा, आणि तो चित्रफितीत होता. त्याला हाक मारली की तो वळून पाही आणि खळखळून हसे. ईथलचा जीव दोघांवरही होता. परंतु शोक तो त्या धाकट्याचाच करी, आणि मनुष्य ज्याचा शोक करतो त्याच्याच सहवासात अधिक वावरतो.

त्या खोऱ्यात एकेका आडनावाची पन्नास-पन्नास घरे असल्यामुळे माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा लावण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीने ईथलला सारे ईथल कॅमेरा म्हणत. लग्ने, बारशी, चॅपलमधील गायनसमारंभ, सर्व काही त्यानेच टिपलेले. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या सत्तावीस मार्चला, एका शुक्रवारी, मॅक्सेनला गोवर, गालगुंड आणि जर्मन गोवर यांची एकत्र लस टोचली गेली, आणि त्यानंतर मुलगा हळूहळू आपल्याच आत निघून गेला, हे इतर बापांना जिथे केवळ सांगावे लागे तिथे ईथलला दाखवता येत असे.

आणि त्याने ते दाखविले होते. सन दोन हजारच्या शरदात, चॅपलला लागून असलेल्या बैठकीच्या खोलीत, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी टीव्ही मांडून त्याने चाळीसएक आयांसमोर ती फीत लावली. प्रथम सहा फेब्रुवारी, पहिला वाढदिवस. आजी हाक मारते, “मॅक्सेन!” आणि बाळ वळून हसते. नंतर मे महिना. तेच बाळ, भिंतीकडे तोंड, हाकेला उत्तर नाही. ईथल एक शब्दही बोलला नव्हता. बोलण्याची गरजच नव्हती. पहिल्या रांगेत मैनिर बेनन आपल्या लहानग्या लेकीला, कादीला, मांडीवर घेऊन बसली होती. लसीसाठी बोलावणारे दवाखान्याचे पत्र तिने चार घड्या घालून पिशवीच्या तळाशी टाकलेले ईथलने स्वतः पाहिले. त्या वर्षी खोऱ्यातील निम्म्या घरांनी लस नाकारली. ईथलने आपली धाकटी नेस्त हिलाही कधी टोचू दिले नाही.

गोष्टीला तेरा वर्षे लोटली. या एप्रिलमध्ये खोऱ्यात गोवर आला.

तो कसा आला ते कुणाला कळले नाही, मात्र त्याला कुठे जायचे ते ठाऊक असावे असा तो फिरला. ज्या घरांनी ती फीत पाहिली होती त्याच घरांची दारे त्याने निवडून ठोठावली, असे ईथलला वाटू लागले. दुकानात दोन बायका बोलत उभ्या असल्या आणि तो आत शिरला की त्या पावाच्या भावाविषयी बोलू लागत. मैनिरची कादी नऊ दिवसांपासून शहरातील इस्पितळात होती. गोवराने तिच्या फुप्फुसांना गाठले होते आणि तिच्यासाठी श्वास यंत्र घेत होते.

अशा वेळी नेस्तने शाळेतून आणलेला कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. शनिवारी इस्पितळात सर्वांना लस देणार होते.

“मी जाणार आहे, बाबा,” ती म्हणाली. “सही करा, नाहीतर नका करू. मी चौदाची आहे. मला समजतंय असं नर्सला वाटलं तर तिला तुमची सही लागत नाही.”

ईथलने शांतपणे तिला त्या शुक्रवारची हकीकत पुन्हा सांगितली. ती तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. त्याचे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, “सगळ्या गावाला दाखवलंत. मला एकदा तरी दाखवलंत का? दाखवा. मला पटलं तर नाही जाणार.”

त्याची पत्नी एलिनेद बशा पुसत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईथलने मागच्या खोलीचे पडदे ओढले आणि नेस्त शाळेतून येण्याआधी एकदा पाहून घ्यावे म्हणून फीत यंत्रात सरकवली. इतकी वर्षे चाललेली ती फीत; यंत्राने तिला दातांत धरले आणि चघळून टाकले. ईथलला मोठेसे वाईट वाटले नाही, कारण मूळ चित्रण कपाटात सुरक्षित होते. त्यातून नवी फीत बांधणे हे त्याच्या हातचे काम. सहा फेब्रुवारीचा डबा त्याने काढला. त्यावरचे अक्षर त्याचेच होते. हा डबा पंधरा वर्षांत आपण एकदाही उघडलेला नाही, हे त्याला तो उघडताना जाणवले.

पडद्यावर त्याची आई आली. मुलांची ती मामगू, म्हणजे आजी. ती जाऊन आता चौदा वर्षे झाली होती. गुडघ्यांवर बसून ती बाळाला हाका मारत होती.

“मॅक्सेन. मॅक्सेन, राजा. इकडे बघ मामगूकडे.”

बाळ जमिनीवर एका डब्याचे झाकण फिरवीत होते. त्याने मान उचलली नाही. आईने पुन्हा हाक मारली. जवळ सरकून, टाळी वाजवून, नाव आळवून आळवून हाक मारली. ईथलने मोजले नाही, तरी त्या हाका मोजल्या गेल्या. अकरा. अकराव्या हाकेला म्हातारीचा आवाज ओला झाला आणि ती कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, “माझ्याकडे बघतच नाही रे हा. कधीच नाही बघत.”

आणि मग कॅमेऱ्याच्या मागून एका तरुण, प्रेमळ माणसाचा आवाज आला. “असू दे गं आई. मी नंतर जोडतो. कुणाला कळायचं नाही.”

पुढे बऱ्याच वेळाने, आई चौकटीतून निघून गेल्यावर, झाकण टेबलाच्या पायाला थडकून खणकन आपटले. बाळ त्या आवाजाकडे वळले आणि खळखळून हसले.

ईथल खुर्चीत बसला नव्हता, तो उभाच होता. तसाच तो उभा राहिला. त्याला सारे आठवले. लग्नाच्या फिती करणाऱ्याची ती नेहमीची हातचलाखी. चुंबनाच्या वेळी घंटा वाजल्या नसल्या तर सकाळच्या घंटा तिथे आणून ठेवायच्या. रुसलेल्या सासूचे कालचे हसू आजच्या जेवणावर चिकटवायचे. त्याला कोणी लबाडी म्हणत नसे, त्याला चांगले काम म्हणत. रडणाऱ्या आईला भेट द्यावी म्हणून त्याने तिची हाक उचलली आणि झाकणाला हसलेल्या बाळापुढे नेऊन जोडली. आई ती फीत पाहून किती वेळा हसली होती. तेव्हा लस टोचलीही नव्हती आणि लसीवरून कसले भांडणही त्याच्या कानी आले नव्हते. नंतर आई गेली, मूळ डबा कपाटात गेला, आणि जोडलेले तेच घडलेले झाले.

म्हणजे हाकेला वळणारा तो मॅक्सेन कधी नव्हताच. पंधरा वर्षे ज्याच्यासाठी तो रडला ते मूल त्यानेच, या खोलीत, कात्रीने जन्माला घातले होते.

नेस्तला त्याने फीत खराब झाली इतकेच सांगितले. ते खरेच होते. तथापि त्या दिवसापासून घर बदलले. किटलीला वाफ धरू लागली की तिच्या शिट्टीआधीच्या सूक्ष्म आवाजात त्याला “मॅक्सेन” ऐकू येई. अंगणात कपडे वाळत घालताना, खिडकीची काच पुसताना, मागून कोणी गुडघ्यांवर बसून हाका मारीत आहे असे वाटे आणि मान वळवण्याचे धैर्य होत नसे. दुपारी तो पडदे ओढून पुन्हा तीच मूळ फीत पाही, एखादी बारावी हाक असेल आणि तिला मूल वळले असेल या आशेने. बारावी हाक नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी चौघे जेवायला बसले होते. एलिनेदने लीकच्या भाजीचे सूप वाढले. मॅक्सेनने चमचा खाली ठेवला आणि कुणाकडेही न पाहता एका तरुण माणसाच्या आवाजात स्पष्ट म्हटले:

“असू दे गं आई. मी नंतर जोडतो. कुणाला कळायचं नाही.”

तो ईथलचाच आवाज होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. मॅक्सेन एकदा ऐकलेले कधी चुकवीत नसे, आणि मागच्या खोलीची भिंत पातळ होती. त्याने तेच पुन्हा म्हटले. मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी त्याआधी एका म्हातारीचा ओला आवाजही आला. “माझ्याकडे बघतच नाही रे हा.”

एलिनेदच्या हातातील पळी सुपात बुडाली.

“हे काय आहे, बाबा?” नेस्तने विचारले.

ईथलच्या जिभेवर दोन-चार उत्तरे आली. पण समोर मुलगा बसला होता आणि तो ते वाक्य पुन्हा म्हणणार होता, उद्याही, परवाही, दुकानात आणि चॅपलमध्येही. मुलाच्या या स्वभावाला ईथल पंधरा वर्षे रोग म्हणत आला होता. घरात खोटे न बोलणारा एवढा एकच माणूस आहे, हे त्याला त्या क्षणी दिसले. तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि दार उघडे ठेवून त्याने फीत लावली.

तिघांनी ती उभ्यानेच पाहिली. नेस्तने शेवटी फक्त कोपऱ्यातील तारीख मोठ्याने वाचली आणि ती वर निघून गेली. एलिनेद मात्र पदपथावरच्या रोजच्याच दिव्यांकडे पाहावे तसे पडद्याकडे पाहत राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या वर्षी जानेवारीतच माहीत होतं. माझ्याकडेसुद्धा नव्हता बघत.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला त्या लसीची तारीख सापडली होती, ईथल. तारीख नसती तर लोकांनी दोष माझ्या रक्तात काढला असता, नाहीतर तुझ्या. मला ती तारीख पाहिजे होती. तुझ्यापेक्षा जास्त.”

शनिवारी ईथलने कागदावर सही केली आणि तो नेस्तबरोबर गेला. इस्पितळाच्या लांब ओसरीत भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांवर, काहीशा वयस्क झालेल्या, त्याच बैठकीच्या खोलीतील बायका आपापली वाढलेली मुले घेऊन बसल्या होत्या. त्याला पाहून एकीने पर्स उगाच उघडली. लिफ्टजवळच्या खुर्चीवर मैनिर बेनन होती, आणि शेजारी तिचा आठ वर्षांचा गेथिन. कादी तिसऱ्या मजल्यावर होती.

ईथल तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सांगितले. कात्री, हाक, झाकण, सगळे. लांबवले नाही. मैनिरने ते ऐकताना मुलाच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

“फीत बघून मी ठरवलंच नव्हतं, प्रॉसर,” ती म्हणाली. “फितीत काय, कुणीही काहीही जोडेल. मी तुमचा चेहरा बघत होते. टीव्हीच्या बाजूला उभे होतात. तो चेहरा कुठून कापून आणला होतात?”

तो चेहरा खरा होता, आणि हेच सर्वांत वाईट होते.

“मला एकटीला कशाला सांगता?” ती पुढे म्हणाली. “सगळ्या बसल्यात की इथं. तेव्हा चहासुद्धा दिला होतात.”

तेव्हा ईथल कॅमेरा ओसरीच्या मध्यभागी गेला आणि बोलू लागला. दाखवायला त्याच्याजवळ काही नव्हते आणि बोलण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून दोनदा चुकून त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. मधेच एक म्हातारी म्हणाली, “जरा हळू बोला हो, आत्ताशी झोपलंय बाळ,” आणि तो हळू आवाजात बोलू लागला. त्यामुळे सगळ्यांना पुढे झुकून ऐकावे लागले. कोणी ओरडले नाही. एक बाई रडली. दुसरीने तोंड फिरवले आणि त्यानंतर ती त्याच्याशी जन्मात बोलली नाही. तिसरी म्हणाली की डॉक्टर हेच सांगत होते, पण डॉक्टरांना कुठे असलं पोर होतं. रांग मात्र पुढे सरकतच राहिली. नावे पुकारली जात, बाह्या वर होत.

नेस्त दंडावर कापूस दाबून बाहेर आली तेव्हा मैनिरला वरून बोलावणे आले. परिचारिका कशासाठी ते सांगेना, फक्त “जरा या” म्हणाली. मैनिर उठली. एकदा गेथिनकडे आणि एकदा ओसरीभर बसलेल्या त्या बायांकडे पाहून ती ईथलला म्हणाली, “याच्याजवळ बसा. माझ्याशिवाय आत नेऊ नका. आणि त्याला काही सांगू नका, खरं पण नाही.”

ईथल त्या मुलाशेजारी बसला. गेथिनचे नाव पुकारले गेले. ईथलने पुढच्याला जाऊ दे म्हणून खूण केली. नेस्तने घड्याळ पाहिले, मग तीही खुर्चीत बसली. ओसरी हळूहळू रिकामी झाली. लिफ्टचे दार उघडे आणि मिटे. कधी त्यातून ढकलगाडी निघे, कधी फुले घेतलेला कोणी, कधी कोणीच नसे. दर वेळी गेथिन मान वर करून पाही, आणि दर वेळी ईथलही पाही.