कांदेनवमीची टोपली

नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातल्या माणसांनी बोचकी बांधून भोपाळ गाठलं. माझ्या बोचक्यात लिलीचे कांदे होते. दीड वर्षात टी. टी. नगरच्या क्वार्टरमागचं अंगण त्यांनीच भरलं. यंदा उकरले तर चार टोपल्या निघाले. म्हटलं, विकू. नव्या क्वार्टरांची अंगणं नुसती बोडकी पडलीत.

"घेणार कोण, सासूबाई?" सून वसुधा म्हणाली.

"पहिली टोपली फुकट द्यायची. फूल दिसलं की बाया आपल्या पायांनी येतात. तुला नाही कळायचं."

शेजारची मनोरमा महिन्यापूर्वीच आलेली. तिच्या दारात टोपली ठेवून मी कुंपणावरून ओरडले, "कांदे ठेवलेत गं! घरचे आहेत."

"बरं काकू!" आतून आवाज आला. झालं.

रविवार होता. दुपारी वसुधा भज्यांचं पीठ कालवायला बसली. "कांदेनवमी ना आज. चातुर्मासात कांदा बंद, म्हणून सगळ्यांकडे आज भजी."

मी ताडकन उठले. आमच्या घरात लिलीच्या गड्ड्यांनाही कांदेच म्हणतात. शेजारणीला काय ठाऊक? गेल्या साली गवळ्याची शेळी ते खाऊन फेस गाळत पडली होती.

अनवाणीच धावले. फाटकातच तळणीचा वास आला. मनोरमाचे यजमान गोपीनाथराव पाटावर, ताटात भजी.

"टाका ते! गिळू नका!"

"काकू, दोन खाल्ली की," ते दचकले. "जरा कडू लागली."

"चिरताना डोळ्यांत टिपूस नाही आलं," मनोरमा म्हणाली. "म्हटलं, भोपाळचे कांदे गुणी दिसतात."

"गुणी कसले, लिलीचे आहेत ते! मीठपाणी आण आधी!"

मोरीत त्यांनी भडाभडा ओकलं. मनोरमानं पाठ धरली होती. ती वर न बघता म्हणाली, "कांदे म्हणून तुम्हीच दिलेत."

"हो. मीच दिले. चुकले मी."

उभ्या जन्मात हे शब्द मी नवऱ्यालाही ऐकवले नव्हते. वसुधा डॉक्टरांना घेऊन आली. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा. मी भिंतीला टेकून बसले नि गोपीनाथरावांच्या छातीकडे बघत राहिले. श्वास जरा लांबला की माझा अडकायचा.

पाचच्या सुमारास ते उठून बसले. "चहा टाक गं."

मनोरमानं दोन कप आणले. एक त्यांच्या हातात दिला, दुसरा खाली ठेवला. माझा की तिचा, ते विचारायची माझी छाती झाली नाही.