लाद्यांवरच्या मुंग्या

काँक्रीटच्या लाद्या पाडण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिमेंट कमी करून त्याच्या जागी ती उसाच्या चिपाडांची राख घालायची. साखर कारखान्यात भट्टी सांभाळणारा धाकटा भाऊ तिला ती आणून द्यायचा, नाहीतर ती राख उकिरड्यावरच जायची.

या खेपेला मात्र लाद्या घट्ट व्हायचं नाव घेईनात. दुसऱ्या दिवशीही बोट दाबलं की रुतायचं. ताईने सिमेंटवाल्याला धारेवर धरलं, पाण्याला नावं ठेवली आणि आणखी कुणी उरलं नाही तेव्हा ती नवऱ्याकडे वळली.

"माझ्यावर का उखडतेस? त्या मुंग्यांना विचार," नवरा म्हणाला.

खरंच, लाद्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. ताईच्या डोक्यात प्रकाश पडला. साखर मिसळली की सिमेंट धरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने भावाला बोलावून घेतलं.

"राख कशात भरून आणलीस?"

"साखरेच्या रिकाम्या पोत्यांत. पण ताई, मी काय खुळा आहे? भरायच्या आधी एकूण एक पोतं झटकलं."

"कुठे झटकलंस?"

"राखेच्या ढिगावर. फरशी चिकट झाली असती ना."